लष्कराचे जुनेर

२००४ सालच्या लोकसभा निवडणुकीत मतदान केंद्रावर काम करण्याचा आदेश माझ्या वाट्याला आला होता. प्राध्यापक मंडळींना हे काम नवे नाही. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी यंत्रे, शाई, पाकिटे आणि विहित नमुन्यांचा गठ्ठा घेऊन आम्ही एका खेड्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत पोहोचलो. बंदोबस्तासाठी चाळिशीतले एक पोलीस शिपाई सोबत होते. रात्री जेवणे आटोपल्यावर ओसरीवर गप्पा निघाल्या, तेव्हा त्यांनी भिंतीला टेकवून ठेवलेली रायफल मी कुतूहलाने जवळून पाहिली. दस्त्याच्या मानेवरील लोखंडी कड्यावर एक मुकुट कोरलेला होता. त्याखाली जी, आर आणि आय ही तीन इंग्रजी अक्षरे, मग इशापूर हे गाव आणि १९४३ हे साल.

"सर, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी आहे ती," ते हसून म्हणाले. "माणसं निवृत्त होतात, ही होत नाही."

त्या तीन अक्षरांचा अर्थ 'जॉर्ज, राजा आणि सम्राट' असा आहे. दुसऱ्या दिवशी त्या शाळेत प्रजासत्ताकाचे नागरिक मत देणार होते आणि त्या मतांची राखण सम्राटाच्या नावाची बंदूक करणार होती. त्या रात्री मला या विसंगतीची केवळ गंमत वाटली. पुढे चार वर्षांनी तीच बंदूक मुंबईच्या रेल्वे स्थानकात कमी पडलेली पाहिली, तेव्हा या गमतीमागे काही इतिहास असावा आणि तो समजून घ्यावा असे वाटू लागले. प्रस्तुत लेख त्या प्रयत्नातून आला आहे.

आरंभ शब्दांपासून करतो. साहित्याच्या विद्यार्थ्याला तोच मार्ग जवळचा. महाराष्ट्रातील पोलीस दलाची पदनामे पाहावीत. 'शिपाई' हा फारसीतून आलेला शब्द मूळचा सैनिकाचा. इंग्रजीत तो 'सेपॉय' झाला. मराठीत तो सैन्यातून पोलिसांत आला आणि तेथून आणखी खाली उतरून कचेरीत पोहोचला. आपल्या महाविद्यालयात तासाची घंटा देणाराही शिपाईच. 'हवालदार' हा शिवकाळात गडावरील प्रमुख अधिकारी. पायदळात नाईकाच्या वर हवालदार असे. 'पोलीस नाईक' हे पद तर महाराष्ट्र पोलिसांत अगदी अलीकडेपर्यंत होते. 'फौजदार' हा मोगल अमदानीत प्रदेशाचा लष्करी अधिकारी होता, फौज बाळगून मुलखात दरारा राखणारा. आज बोलण्यात फौजदार म्हणजे पोलीस उपनिरीक्षक. पोलिसांची वस्ती ती 'लाईन', कारण छावणीत शिपायांच्या बराकी ओळीने असत.

याहून विचार करायला लावणारा शब्द 'फौजदारी' हा आहे. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने बंगालमध्ये न्यायव्यवस्था बसवली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत दिवाणी अदालत आणि फौजदारी अदालत अशी विभागणी केली. शब्द मोगली, व्यवस्था कंपनीची. पैशाअडक्याचे, जमीनजुमल्याचे तंटे दिवाणाच्या नावाने ओळखले गेले आणि चोरी, मारामारी, खून हे सारे फौजेच्या नावाने. आजही 'फौजदारी गुन्हा' म्हणताना आपण गुन्ह्याला फौजेच्या अखत्यारीतच ठेवतो, फक्त ते आपल्या ध्यानात येत नाही. शब्दांचा हा प्रवास एकाच दिशेचा आहे. सैन्याने वापरलेले नाव पोलिसाला मिळते. शस्त्रांचाही प्रवास असाच झाला, आणि तो मात्र योगायोगाने झालेला नाही.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांपुढे पोलीस दलाचे दोन नमुने होते. पहिला १८२९ सालच्या लंडनच्या महानगर पोलिसांचा. हा पोलीस मुद्दाम निळ्या पोशाखात ठेवला गेला, कारण लाल पोशाख सैनिकाचा होता. त्याच्या हाती बंदूक नव्हती, लहानसा दंडुका होता. लंडनच्या नागरिकांना आपल्या रस्त्यावर सैन्य नको होते आणि पोलिसाने सैनिकासारखे दिसूही नये अशी त्यांची इच्छा होती. दुसरा नमुना आयर्लंडचा. तेथील पोलीस सशस्त्र होता, बराकीत राहत होता आणि लोकांवर नजर ठेवण्यासाठी नेमलेला होता. सिंध जिंकल्यावर १८४३ साली चार्ल्स नेपियर या सेनापतीने तेथे पोलीस दल उभारले ते आयरिश धर्तीवर. पुढे मुंबई इलाख्याने त्या धर्तीचे अनुकरण केले आणि १८६० च्या पोलीस आयोगानंतर १८६१ चा कायदा आला. मुंबई इलाख्याचे पोलीस कायदे वेगळे राहिले, तरी साचा तोच. राज्यकर्त्यांनी स्वतःच्या घरासाठी एक पोलीस निवडला आणि आमच्यासाठी दुसरा. या निवडीत पोलिसाच्या हाती बंदूक येणे ठरूनच गेले.

परंतु कोणती बंदूक? येथे १८५७ चा संदर्भ येतो. त्या उठावाच्या कथेत एनफिल्ड रायफलीची चरबी लावलेली काडतुसे सर्वांना ठाऊक आहेत. त्या बंदुकीचे पुढे काय झाले हे तितकेसे सांगितले जात नाही. रायफलीच्या नळीत आतून सर्पिल आटे पाडलेले असतात. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि दूरवर नेमकी लागते. उठावानंतर हिंदी शिपायांसाठी जी एनफिल्ड तयार झाली तिच्या नळीत हे आटे नव्हते. बाहेरून बंदूक तशीच दिसे. वजन तेच, लाकूड तेच, कवायतही तीच. पण आतून नळी गुळगुळीत. शंभरएक यार्डांपलीकडे तिच्या नेमाचा भरवसा नव्हता. शिपायाला बंदूक तर द्यायची, पण ती आपल्यावर उलटली तर आपली बंदूक तिच्याहून सरस असली पाहिजे, हा त्यामागचा हिशेब.

पुढे हा हिशेब धोरण झाला. हिंदी सैनिकाचे शस्त्र गोऱ्या सैनिकाच्या शस्त्राहून एक पिढी मागे राहू लागले. दुसऱ्या अफगाण युद्धात, १८७८ ते १८८० या काळात, गोऱ्या पलटणींकडे मार्टिनी-हेन्री होत्या आणि हिंदी पलटणींकडे त्याआधीच्या स्नायडर. गोऱ्यांना ली-मेटफर्ड मिळाली तेव्हा मार्टिनी हिंदी पलटणींकडे उतरली. डोंगरी तोफखान्याच्या काही तुकड्या सोडल्या तर तोफा हिंदी हातांत दिल्याच जात नसत. १९१४ साली फ्रान्समध्ये मार्से बंदरात उतरलेल्या हिंदी सैनिकांना नव्या नमुन्याच्या रायफली तेथे पोहोचल्यावर द्याव्या लागल्या. ही एक शिडीच होती. वरच्या पायरीवर गोरा सैनिक, मधल्या पायरीवर हिंदी सैनिक आणि त्याखाली पोलीस व तुरुंगाचा पहारेकरी. प्रत्येकाला वरच्याने टाकलेले मिळायचे.

या शिडीचा सर्वांत बोलका नमुना म्हणजे इशापूरची .४१० मस्केट. कलकत्त्याजवळच्या इशापूर कारखान्यात लष्करासाठी .३०३ ली-एनफिल्ड रायफली बनत. त्यांतल्याच काहींची नळी मोठी आणि गुळगुळीत करून, दहा गोळ्यांचे मॅगझिन काढून टाकून त्या जागी लाकडाचा ठोकळा बसवून पोलिसांसाठी एकगोळी बंदूक तयार करण्यात आली. तिचे काडतूस वेगळे होते. लष्कराचे .३०३ काडतूस तिच्यात चालत नसे. बंदूक कोणी पळवली किंवा ती बाळगणाराच फिरला, तर लष्कराच्या दारूगोळ्यावर ती जगू नये ही तजवीज. १८५७ नंतरचा गुळगुळीत नळीचा विचार विसाव्या शतकातही जिवंत होता, इतकेच नव्हे तर त्यात लाकडाच्या ठोकळ्याची भर पडली होती. ज्या पोलिसावर जनतेला धाकात ठेवण्याचे काम सोपवले, त्या पोलिसाचाही सरकारला विश्वास नव्हता. त्याच्या हातातील बंदूक हा त्या अविश्वासाचा दस्तऐवज आहे.

१९४७ नंतर हा अविश्वास संपला. निदान तो संपायला हवा होता. शिडी मात्र तशीच राहिली. १९६२ च्या चीन युद्धात आपले सैनिक प्रामुख्याने .३०३ घेऊनच लढले. त्या पराभवानंतर लष्कराला ७.६२ मिलिमीटरची एसएलआर मिळू लागली आणि .३०३ पोलिसांकडे उतरली. नव्वदीच्या दशकात लष्कराला इन्सास मिळाली आणि एसएलआर पोलिसांकडे उतरू लागली. पोलीस आधुनिकीकरणाची केंद्रीय योजना १९६९-७० पासून होती, परंतु पोलीस हा राज्यांचा विषय, राज्यांची तिजोरी तोकडी, आणि मिळालेल्या पैशांत वाहने, बिनतारी यंत्रणा, घरे असे शंभर वाटेकरी. शस्त्रे आयती मिळत होतीच. असे करता करता थ्री नॉट थ्री हा मराठी बोलीतला शब्द झाला आणि पोलिसाच्या खांद्यावर तिच्याखेरीज दुसरे काही असू शकते हेच आपण विसरलो.

आता या बंदुकीचे गुणधर्म पाहू. ती वाईट नाही. उलट ती जगातील उत्तम सैनिकी रायफलींपैकी एक मानली जाते. मातीत पडली, पावसात भिजली तरी चालते. पण ती खंदकातल्या लढाईसाठी घडवलेली आहे. तिच्यावर नेमाच्या खुणा दोन हजार यार्डांपर्यंत कोरलेल्या असतात. तिची गोळी माणसाच्या देहातून आरपार जाऊन मागच्यालाही लागू शकते. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत डायरच्या पन्नास सैनिकांनी याच जातीच्या रायफलीने १६५० फैरी झाडल्या. गर्दीत तिची एक गोळी एकाच देहात थांबत नाही, हे त्या बागेने दाखवून दिले होते. तरीही हीच रायफल पुढे गर्दी हाताळणाऱ्या दलाकडे आली. नागरी जमावापुढे उभ्या असलेल्या पोलिसाजवळ एका टोकाला लाठी आणि दुसऱ्या टोकाला युद्धातली रायफल, मध्ये अश्रुधुराची एक पायरी. त्या पायरीवरून पाय घसरला की थेट मृत्यू. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मराठी माणसाने पोलिसी गोळीबारात शंभराहून अधिक हुतात्मे दिले. हुतात्मा चौकातून जाताना गोळीबाराचा आदेश कोणी दिला हे आपल्याला आठवते, आणि ते योग्यच आहे. जमावापुढे उभ्या केलेल्या पोलिसाच्या हाती सरकारने काय दिले होते हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो.

दुसऱ्या टोकाला २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आहे. छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये दोन दहशतवाद्यांनी एके-४७ रायफलींनी पन्नासहून अधिक माणसे मारली. स्थानकातील सुरक्षा कर्मचाऱ्यांपैकी अनेकांच्या हाती फक्त लाठ्या होत्या, काहींच्या हाती थ्री नॉट थ्री. रेल्वे सुरक्षा दलाच्या एका हवालदाराने सहकाऱ्याच्या हातातील रायफल घेऊन गोळी झाडली आणि नंतर जवळची खुर्ची उचलून फेकली. या कृतीतील धैर्य आपण जाणतोच. पण तिच्यात शस्त्राचा इतिहासही आहे. थ्री नॉट थ्रीमध्ये प्रत्येक गोळीनंतर खिट्टी हाताने मागेपुढे करावी लागते. समोरच्या बंदुकीतून तेवढ्या अवधीत मॅगझिन रिकामे होऊ शकते. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी लाठीनिशी कसाबला सामोरे जाऊन त्याची बंदूक अंगावर धरली. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. सन्मान थोर आहे, पण तो साधनांच्या उणिवेची भरपाई नव्हे.

एकच बंदूक जमावापुढे फार जास्त ठरते आणि दहशतवाद्यापुढे फार कमी. हे विचित्र वाटते खरे, परंतु त्याचे कारण साधे आहे. ती बंदूक पोलिसाच्या कामाकडे पाहून कधी निवडलीच गेली नाही. आधी राज्यकर्त्याच्या भीतीने निवडली, नंतर लष्कराच्या अडगळीने.

या विधानाची परीक्षा म्हणून जगातील एक उलटे उदाहरण पाहणे उपयुक्त ठरेल. अमेरिकेत १८७८ च्या एका कायद्याने लष्कराला नागरी कायदा-सुव्यवस्थेच्या कामात उतरवण्यावर बंधन आहे. सैनिक रस्त्यावर येत नाही. सैनिकाचे सामान मात्र येते. शीतयुद्ध संपत आले असताना, १९९० साली, अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेसाठी लष्कराची अतिरिक्त सामग्री पोलिसांना देण्याची तरतूद झाली. १९९७ च्या संरक्षण कायद्यातील १०३३ व्या कलमाने ती कायम आणि व्यापक केली. सामग्री फुकट, वाहतूक आणि देखभाल पोलिसांनी पाहायची. बहुतांश वस्तू कपडे, कपाटे, अवजारे अशा साध्याच असतात. पण इराक आणि अफगाणिस्तानातील युद्धे ओसरली तसतशी सुरुंगांपासून बचावासाठी बांधलेली, दहा टनांहून अधिक वजनाची चिलखती वाहने लहानसहान गावांच्या पोलिसांकडे येऊ लागली. या गावांत सुरुंग नव्हते. २०१४ मध्ये सॅन डिएगोच्या शालेय विभागाच्या पोलिसांनाही असे वाहन मिळाले आणि टीका झाल्यावर ते परत करण्यात आले.

या योजनेत एक अट होती. घेतलेली वस्तू वर्षाच्या आत वापरात आणली पाहिजे. हेतू चांगला होता, वस्तू धूळ खात पडू नयेत. पण या अटीचा परिणाम काय होईल हे सांगायला शस्त्रतज्ज्ञ लागत नाही. हाती वस्तू आहे, ती वापरायची आहे, तर प्रसंग शोधला जाणारच. ऑगस्ट २०१४ मध्ये फर्ग्युसन या गावी मायकेल ब्राउन या निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणाला पोलिसाने गोळी घातली. निषेधासाठी जमलेल्या नागरिकांसमोर चिलखती वाहने आणि त्यांवर रायफल रोखून बसलेले पोलीस जगाने पाहिले. तेथील सर्वच साधने या योजनेतून आलेली नव्हती, काही गृहसुरक्षा अनुदानातून घेतलेली होती. दृश्य मात्र युद्धभूमीचे होते. ओबामांनी २०१५ साली काही प्रकारच्या सामग्रीवर निर्बंध आणले, ट्रम्प यांनी २०१७ साली ते उठवले. बायडन यांनी २०२२ साली पुन्हा मर्यादा घातल्या, आणि एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प यांनी अशी सामग्री स्थानिक पोलिसांना अधिक प्रमाणात मिळावी असा आदेश काढला. वाद अध्यक्षागणिक फिरत राहिला आहे.

आपल्याकडे लष्कराने जुनी म्हणून टाकलेली वस्तू उतरली, त्यांच्याकडे जास्त झाली म्हणून टाकलेली. आमचा पोलीस दुबळा राहिला, त्यांचा सैनिकासारखा दिसू लागला. टोके दोन, चूक एकच. पोलिसाला काय हवे हा प्रश्न बाजूला राहिला आणि लष्कराकडे काय उरले आहे या प्रश्नाने त्याची जागा घेतली.

यावर एक आक्षेप येऊ शकतो आणि तो रास्त आहे. गरीब देशाने चालती बंदूक भंगारात का काढावी? काटकसर हा काही दोष नव्हे. मान्य. आपल्या घरांत जुनेराला केवढा मान आहे हे कोणाला सांगायला नको. आजीचे नऊवारी जुनेर होते, त्याचे बाळासाठी दुपटे निघते, उरलेल्याची गोधडी. परंतु तिथे घरची बाई आधी बाळाकडे पाहते आणि मग कापडाकडे. दुपट्याला जुनेर घेतात ते फुकट आहे म्हणून नव्हे. ते मऊ झालेले असते, बाळाच्या अंगाला टोचत नाही, म्हणून. जरीचा काठ आधी उसवून टाकतात. वस्तू जुनी असो की नवी, ती ज्याच्यासाठी काढली त्याला ती साजेशी आहे का, हे कोणीतरी पाहिलेले असते. पोलिसाच्या बाबतीत हे पाहणारे कोणी नव्हते. काटकसरीबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती या न पाहण्याबद्दल.

२६ नोव्हेंबरनंतर महाराष्ट्रात फोर्स वन हे विशेष दल उभे राहिले, नवी शस्त्रे आली. २६ जानेवारी २०२० रोजी उत्तर प्रदेश पोलिसांनी प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात थ्री नॉट थ्रीला समारंभपूर्वक निरोप दिला. तिच्या जागी इन्सास आणि एसएलआर आल्या. त्याच सुमारास लष्कर इन्सासऐवजी नव्या रायफली घेऊ लागले होते. शिडी तीच आहे, फक्त सगळे एकेक पायरी पुढे सरकले आहेत. नवी बंदूक मिळणे चांगलेच. पण ठाण्यातील शिपायाचे रोजचे काम भांडण सोडवणे, गर्दी वळवणे, तक्रार लिहून घेणे आणि क्वचित एखाद्या रात्री मरणाला सामोरे जाणे हे असते. त्या कामासाठी त्याच्या हाती नेमके काय असावे, सराव किती असावा, जीव न घेता जमाव थोपवण्याची कोणती साधने असावीत, ही चर्चा आपल्याकडे अजून लष्कराच्या शस्त्रागाराबाहेर पडलेली नाही.

शेवटी पुन्हा शब्दांकडे येतो. शिपाई, हवालदार, नाईक, फौजदार, लाईन, कवायत. या सगळ्या लष्करी जुनेरात एकच शब्द सैन्यातून आलेला नाही, आणि तो म्हणजे खुद्द 'पोलीस'. युरोपीय भाषांतून आलेल्या या शब्दाचे मूळ ग्रीक 'पोलिस' म्हणजे नगर. आपला 'नागरिक' हा शब्दही नगरातूनच आला आहे. व्युत्पत्तीने हे दोघे एकाच गावचे. त्या रात्री शाळेच्या ओसरीवर सम्राटाची बंदूक भिंतीला टेकवून बसलेला शिपाई आणि सकाळी रांगेत उभे राहणारे मतदार यांचे हे नाते शब्दकोशात शाबूत आहे. त्यांच्यामध्ये उभी असलेली बंदूक निवडताना ते कोणाच्या लक्षात आले नाही.

ते शिपाई एव्हाना निवृत्त झाले असतील. रायफल कोठे आहे, कोणास ठाऊक.